वळणापर्यंत हॉर्न

खोलीत माणसं तीन होती आणि आवाज सव्वादोन. एक माझा, एक दादाचा आणि पाव आईचा. गळ्यातल्या गाठीच्या ऑपरेशननंतर तिचा एक स्वरतंतू नीट हलेनासा झाला होता. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

"लाव एकदाचा," ती कुजबुजली.

दादाने लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली. लहानपणी दर नाताळच्या सुट्टीत टीव्हीवर लागणारा चित्रपट त्याला इंटरनेटवर सापडला होता. डोंगरातलं, बर्फात अडकलेलं बसस्थानक. म्हातारा ड्रायव्हर, उंच टोपीवाला माणूस, आणि मांडीवर डबा घट्ट धरून बसलेली मुलगी. भाषा परकी, घरात कुणालाच न येणारी. म्हणून आई टीव्हीचा आवाज बंद करायची आणि सगळ्यांचे संवाद स्वतःच बोलायची.

तिला ते जड नव्हतं. बसस्थानकावर माइकवरून गाड्यांच्या घोषणा करणं हीच तिची नोकरी. आता तीन महिने ती मागच्या खोलीत बसून हरवलेल्या छत्र्यांना चिठ्ठ्या लावत होती. माइकवर परत जायचं तर एका श्वासात दहा सेकंद 'आ' धरता यायला हवा होता. नाही जमलं, तर निवृत्तीपर्यंत छत्र्याच. तपासणी तीन आठवड्यांवर आली होती आणि आई चार सेकंदांवर अडकली होती. स्पीच थेरपीच्या मॅडमनी दिलेल्या व्यायामाचं नाव काढलं की म्हणायची, "तान्ह्या बाळासारखं आ आ करू का या वयात?"

चित्रपट सुरू झाला. या वेळी खाली भाषांतराच्या ओळी होत्या. दादा त्या मोठ्याने वाचायला लागला.

"अगं आई, हा टोपीवाला इन्स्पेक्टर नाहीच. त्या मुलीचा काका आहे."

"काहीतरीच."

"आणि डब्यात मांजर नाही. आजोबांचं घड्याळ आहे."

आमच्या घरी त्या डब्यात मांजर होतं. मांजराला अर्धं तिकीट पडतं, ते काढायला पैसे नाहीत, म्हणून मुलगी डबा उघडत नाही आणि इन्स्पेक्टर तिच्यावर डोळा ठेवून असतो. पंचवीस वर्षं मी हे खरं धरून चालले होते. घड्याळासाठी कुणी इतकं घाबरून बसेल, हे मला पटेना.

आईलाही पटलं नव्हतं. ती खुर्चीत पुढे सरकली. "त्या ओळी काढ. आणि आवाज बंद."

"अगं, पण खरी गोष्ट..."

"बंद कर म्हटलं ना."

दादाने मुकाट्याने दोन्ही बंद केलं. पडद्यावर टोपीवाल्याचे ओठ हलले.

"प्रवाशांनी कृपया ल..." आईचा आवाज लाकडावर कानस फिरवल्यासारखा निघाला आणि तुटला. ती पाणी प्यायली. तिने आमच्याकडे बघितलं नाही. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. डब्यात जनावर आढळल्यास अर्धे तिकीट आकारण्यात येईल."

"म्याव," दादा म्हणाला.

"मांजराचं मी बघते. तू गप्प बस."

ड्रायव्हरचा आवाज तिला सोपा गेला. तो पहिल्यापासूनच घोगरा होता. मुलीचा मात्र फाटत राहिला. तरी तिने एकही संवाद सोडला नाही.

शेवटी बर्फ हटतो, बस फाटकातून सुटते आणि वळणाआड जाते. आमच्या घरचा नियम असा, की बस दिसेनाशी होईपर्यंत आईने एका दमात हॉर्न वाजवायचा. लहानपणी आम्हीही वाजवायचो आणि अर्ध्या रस्त्यातच आमची हवा जायची.

आईने श्वास घेतला. बस दिव्याच्या खांबापाशी पोचली आणि हॉर्न संपला.

मग ती म्हणाली, "मागे घे."

दुसऱ्यांदा पुन्हा खांब. तिसऱ्यांदा खांबाच्या किंचित पुढे.

"पोट ढिलं सोडून श्वास घे," मी म्हटलं. "मॅडमनी तेच सांगितलं होतं."

"मोजपट्टी बोलली," दादा म्हणाला. घरात माझं नाव तेच. तोवर मी फोनवर वेळ मोजलीच होती. फाटकापासून वळणापर्यंत अकरा पूर्णांक चार सेकंद.

त्यानंतर आई रोज कामावरून आली की पर्स खुंटीला लावायची आणि म्हणायची, "गाडी लाव." पहिल्या आठवड्यात बस खांब ओलांडून बंद दुकानापर्यंत गेली. दुसऱ्या आठवड्यात दुकानाच्या पायरीवरच अडली, चार दिवस. आईने दुकानदाराला यथेच्छ शिव्या घातल्या, त्यात तिचा आवाज एकदाही फाटला नाही. हे आधी दादाच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

तपासणीच्या दिवशी मी तिच्यासोबत आत गेले. मॅडमनी स्टॉपवॉच हातात घेतलं. "हं मावशी, म्हणा आ."

"आ नाही म्हणणार. गाडी काढणार."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काढू द्या."

समोर नुसती पांढरी भिंत होती. आई ताठ बसली, पोट ढिलं सोडून तिने श्वास भरला आणि हॉर्न सुरू केला. तिची नजर भिंतीवरून डावीकडून उजवीकडे सावकाश सरकत होती: फाटक, खांब, दुकान, पायरी. बाहेरच्या बाकावरचा एक माणूस दारातून डोकावला. नजर भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेली, आवाजही गेला, आणि मग तिने तोंड मिटलं.

मॅडमनी स्टॉपवॉच आमच्याकडे वळवलं. अकरा पूर्णांक नऊ सेकंद.