हिंगाचे दोन डबे

हिंग मळायचं काम बायकोचं. कच्चा हिंग फार उग्र, तो भिजवून त्यात पीठ आणि डिंक घालून मळावा लागतो. पीठ किती, हे ती वासावर ठरवायची. मी खडे फोडायचो, तोलायचो, डबे भरायचो. इतकी वर्षं त्या खोलीत काढून माझ्या नाकाला हिंगाचा वास येईनासा झाला. तिचं नाक शाबूत होतं, म्हणून कधी अडलं नाही.

ती गेली तेव्हा तिने मळलेला एक डबा उरला होता. मग एक मी मळला. तिच्या डब्यावर निळं फडकं, माझ्या डब्यावर पांढरं. परवा दोन्ही फडकी धुतली, डबे पुसले, हलवले. आता कुठला डबा कोणाचा, ते कळेना. आणि आज दुकानदार एक न्यायला येणार होता, तिचा मला द्यायचा नव्हता.

मुलीला बोलावलं. दारातच तिने नाकाला रुमाल लावला.

"बाबा, पुस्तकात याला असाफेटिडा म्हणतात. 'असा' फारसीतून आलाय, म्हणजे डिंक. 'फेटिडा' लॅटिन, म्हणजे घाण वासाचा."

"अर्धं नाव एकाचं, अर्धं दुसऱ्याचं? जोडलं कोणी?"

"कुणास ठाऊक. पण नुसतं डिंक म्हटलं असतं तर कुठला ते कसं कळणार?"

"आणि ज्याला वासच येत नाही त्याने काय म्हणायचं?"

"डिंक," म्हणाली आणि हसली. "आई म्हणाली असती, लोकांना नावं ठेवायला काय जातंय!"

मग तिने दोन्ही डबे हुंगले. डाव्यावर हात ठेवला. "हा आईचा."

"नक्की?"

"नक्की."

ती हात धुवायला गेली. का कोण जाणे, मी डब्यांची अदलाबदल केली. ती परत आली तेव्हा म्हणालो, "पुन्हा एकदा बघ गं."

तिने पुन्हा हुंगलं. पुन्हा डाव्यावरच हात ठेवला. "हाच. सांगितलं ना."

तिलाही कळत नव्हतं? की माझ्यासाठी म्हणत होती? की दोन्ही सारखेच झाले होते? विचारणार होतो.

तेवढ्यात दुकानदार आला.

"आज माल नाही," मी म्हणालो.

"अहो, दोन डबे भरलेले दिसताहेत की!"

"दिसताहेत," मी म्हणालो. "पण कळत नाहीत."