दिसेल ते विझेल

भिंगवाल्याने दादाला ती तोफ दिली वहिनी गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी. आपण काय देऊन बसलो हे त्याच्या ध्यानात आलं, तोवर अर्धी आकाशगंगा विझली होती.

आकाशगंगा अर्थात टेबलावरची. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत, जिथे एरवी लोक एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचतात, तिथे दर रविवारी दुपारी चौघं जमत आणि अंतराळात जात. खर्च फारसा नसे. भिंगवाला सूत्रधार, समोर कुठला ग्रह आला, दार कुणी ठोठावलं, हे तो सांगणार. बाकी तिघं एकाच यानावरची माणसं. त्याचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, कप्तान. मावसबहीण खऱ्या आयुष्यात दातांची डॉक्टर, इथे हेर. शेजारचा लिफ्टवाला आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करून कंटाळे आणि रविवारी विरंगुळा म्हणून यान दुरुस्त करी. कुणी काय करायचं ते ज्याने त्याने बोलायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवणार.

तोफेला फासे लागत नव्हते. सगळा घोळ तिथेच होता. त्या रविवारी दादा खुर्चीत असा बसला होता, जणू कुणीतरी आणून ठेवलाय. त्याच्याशी काय बोलावं हे भिंगवाल्याला सुचेना. लोक अशा वेळी जेवण पाठवतात. याने तोफ पाठवली. एका दमात सांगून टाकलं, "दारूगोळा संपणार नाही, नेम चुकणार नाही. दुर्बिणीत दिसेल ते विझेल." तोफ इतकी अवाढव्य, की तिच्यासाठी यानाला दोराने बांधलेली एक वेगळी होडी. होडीत दादाचा कप्तान एकटाच.

आता दिलेलं परत मागायची सोय नव्हती. सूत्रधाराने एकदा दिलेली वस्तू गोष्टीत काही घडून गेली तरच जाणार, हा टेबलाचा नियम, आणि तो पूर्वी दादानेच तासभर भांडून करून घेतलेला. दादा बंदरात क्रेन चालवून निवृत्त झाला होता. उंचावरून खालच्यांवर ओरडायची त्याची सवय जमिनीवर आल्यावरही सुटली नव्हती. तो दादा आता प्रत्येक गोष्टीला "ठीक आहे" म्हणत असे. शत्रू आला, ठीक आहे. विझला, ठीक आहे.

भिंगवाल्याने तोल सावरायचे प्रयत्न केले. तोफ तापते असं जाहीर केलं, तर लिफ्टवाला लगेच पाणी मारायला धावला, "दादा, तुम्ही बिनधास्त उडवा, मी आहे!" एका ग्रहावर अशा शस्त्रांना बंदी घातली, तर डॉक्टरने पहारेकऱ्याला पटवून तोफ आत घेतली. शत्रूची चिलखतं जाड केली. ती दादाला समजलीसुद्धा नाहीत, बाकीचे दोघे मात्र मरता मरता वाचले. शेवटी त्यांना करण्यासारखं काही उरलं नाही. लिफ्टवाला मोबाइल बघू लागला. डॉक्टरला रविवारीच पेशंट येऊ लागले.

"खेळ मोडतोय रे," एकदा दादा यायच्या आधी ती म्हणाली.

"मोडला तर दादा घराबाहेर पडायचाच नाही. एवढं एकच ठिकाण राहिलंय त्याला."

"म्हणून आपण त्याला जपतोय. हो ना? हे बघ, मी हिरडीला भूल देते ती दात काढण्यापुरती. ती उतरलीच नाही, तर माणूस स्वतःचा गाल चावत बसतो आणि त्याला पत्ताही लागत नाही."

त्या दुपारी शत्रूचं जे यान आलं, ते चकचकीत होतं.

"दुर्बिणीत दिसतंय?" दादाने विचारलं.

"स्पष्ट दिसतंय. एक होडी आहे. यानाला दोराने बांधलेली."

"ठीक आहे. विझव."

"नक्की?"

"ठीक आहे म्हटलं ना."

भिंगवाला म्हणाला, "समोर आरसा होता, दादा. होडी तुझीच होती."

लिफ्टवाल्याने मोबाइल पालथा ठेवला. ज्या डॉक्टरने भूल उतरवायला सुचवलं होतं, तीच भिंगवाल्याकडे अशी बघू लागली, की त्याला दोन्ही जबडे दुखल्यासारखे झाले. आता हा उठेल, चप्पल घालेल आणि पुन्हा कधी येणार नाही, असं त्याला वाटलं.

दादा उठला. पण चपलेकडे गेला नाही.

"आरसा?" तो म्हणाला. "मग आधी आरसा विझायला हवा! दिसेल ते विझेल, हे शब्द कुणाचे?"

"आरसा कुठे दिसतो? आरशात आपण दिसतो."

"दुकानात चष्मे विकतोस का शब्द? कडा दिसते आरशाची! चौकट दिसते!"

"अंतराळात कसली चौकट, दादा?" लिफ्टवाला मध्ये पडला.

"तू गप रे! तुझ्या लिफ्टमधल्या आरशाला चौकट नाही?"

"आहे की."

"ऐक!"

दादाचा आवाज दुकानापर्यंत गेला. त्याने टेबलावर हात आपटला, मांडलेले ग्रह उडाले. भिंगवालाही इरेला पेटला, कारण चूक आपली नाही असं त्याला मनापासून वाटत होतं. शेवटी डॉक्टरने तोड काढली. तोफ गेली ती गेली. कप्तान वाचतो का, ते फासे सांगतील. दादाने फासे टाकले.

कप्तान वाचला नाही.

दादा त्या आकड्याकडे बघत राहिला. मग खाली बसला.

"दवाखान्यात," तो म्हणाला, "सगळे फार चांगले वागले रे माझ्याशी. डॉक्टर, नर्स, सगळे. भांडायला एक माणूस मिळाला नाही."

त्याने चष्मा काढला. डोळे बराच वेळ पुसले. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवला असता तर त्याने झटकला असता, इतपत तो परत आला होता.

"दादा, माझा इंजिनीअर चालवता का पुढे?" लिफ्टवाल्याने हळूच विचारलं.

"तुझा? त्याला दोन वायरी जोडता येत नाहीत." दादाने चष्मा घातला. "कोरा कागद दे इकडे. नवा माणूस करतो. बिनतोफेचा. आणि ए भिंगवाल्या, आरशाचं अजून मिटलेलं नाही. किरण कुठून आला, कुठे गेला, काढून दाखव."

भिंगवाल्याने पेन्सिल घेतली आणि काढायला लागला. पहिली रेघ ओढायच्या आतच दादा म्हणाला, "चूक."

(दादाचं म्हणणं असं, की पेन्सिल धरण्याची पद्धतच चूक होती.)