मागाचा खड्डा

वच्छलाबाईनं काठी नेहमीच्या जागी खाली सोडली, पण काठी खाली गेलीच नाही. टक् करून वाजली.

तिनं काठी वीतभर पुढं सरकवली. टक्. डावीकडं. टक्. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा नाकावरून खाली ओढून तिनं उजव्या डोळ्यानं पाहिलं. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत पांढऱ्या टाइल्स. दर चौथ्या टाइलवर एक निळं फूल. घराच्या मधोमध मागाचा खड्डा होता. त्यात पाय सोडून तिच्या नवऱ्यानं, बबनरावानं, बेचाळीस वर्षं लुगडी विणली होती. तो खड्डा कुठं सुरू होत होता आणि कुठं संपत होता, हेसुद्धा आता ओळखू येत नव्हतं.

“सरप्राइज!” नात रोशनी मोबाइल उभा धरून समोर आली. “आजी, इकडे पाहा ना. कसं वाटलं ते सांग.”

“काय काढून राहिली?”

“व्हिडिओ.”

“काढ. माह्या तेरवीले लावजो.”

रोशनीचं हसू अर्ध्यावर राहिलं. तिनं मोबाइल खाली घेतला आणि बापाकडं पाहिलं.

गोविंदा दारात चपला काढत होता. बुटीबोरीच्या कारखान्यात चाळीस माणसं त्याच्या हाताखाली होती, केस पिकायला लागले होते, पण या उंबऱ्याशी आला की तो अजून चपला जोडीनं भिंतीला लावायचा. लहानपणी त्यावरून मार खाल्ला होता.

“धंतोलीचं हॉस्पिटल, मंग सहा दिवस माह्या घरी,” तो म्हणाला. “तेवढ्यात उरकून टाकलं. तुले माहीत पडलं असतं तर करू दिलं असतं का तूनं?”

“नाही.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

वच्छलाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. सहा दिवस ती मनीषनगरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसली होती. सून जया वाईट नव्हती. रोज सकाळी ड्युटीवर जाताना म्हणायची, “काही लागलं तर सांगा.” सांगावं लागतं तिथं कोण मागतं? सहा दिवसांत वच्छलाबाईनं एकदा पाणी मागितलं, तेही डोळ्याची गोळी घशात अडकली म्हणून. सातव्या दिवशी पहाटेच पिशवी भरून ती दाराशी बसली होती. सक्करदऱ्याला माझ्या घरी सोडा, नाहीतर पायी जाते. गोविंदा तेव्हा हसला होता. का हसला, ते आता कळलं.

“पुरा दोन दिवस मलबा टाकून राहिलो,” गोविंदा सांगत होता. “चार खेपा. मिस्त्री फक्त टाइल्सले लावला. बुजवला मीच.”

त्यानं तळहात उघडून दाखवले. अंगठ्याच्या बुडाशी फोड फुटून लाल झाले होते. दाखवले आणि लगेच मिटले.

“हौस होती तर फोडून घेतले हात,” वच्छलाबाई म्हणाली. “मी नव्हतं सांगितलं.”

“एका डोळ्यानं तू इथी एकटी. रातच्यान पाय गेला असता खड्ड्यात, हाड मोडलं असतं, तर लोकाइनं माह्याच तोंडात शेण घातलं असतं.”

“हां. लोकं.” तिनं मान हलवली. “लोकांच्या भेवानं माय सांभाळून राहिला माहा लेक.”

“तसं नाही म्हटलं मी.”

“तसंच म्हटलं.”

रोशनी मागच्या दारात जाऊन उभी राहिली. गोविंदानं कोपऱ्यातली लाल प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली. नवी होती, पायांना अजून कागद चिकटलेला होता.

“बस ना वं. मघापासून उभी आहे.”

“खुर्चीवर बसाले मी काय पटवारी आहो?”

ती उभीच राहिली.

खरी गोष्ट अशी होती की वच्छलाबाईला बसायला जागाच उरली नव्हती. खाट होती, खुर्ची होती, पण खाटेवर बसून कोणाला खाली ठेवलेल्या शेगडीवर भाकर टाकता येते? चार वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांनी जमिनीवर बसायला नकार दिला. एकदा अशी बसली ती दुपारभर उठलीच नाही, भिंतीला नखं लावून लावून शेवटी संध्याकाळी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं मागाच्या खड्ड्यातली अडगळ काढली. मागाचं लाकूड बबनरावामागं केव्हाच मोडीत गेलं होतं, रिकामा खड्डा तेवढा होता. त्याच्या काठावर ती बसली आणि पाय आत सोडले. गुडघे मुडपायचं काम नाही. आणि एकाएकी सारं घर तिच्या कमरेच्या उंचीला आलं. डावीकडं शेगडी, उजवीकडं पाण्याचं भांडं, समोर चिरायची पावशी, भाजी, पीठ. काठावर बसूनच ती रांधायची, काठावर बसूनच जेवायची. बबनराव जिथं पाय टेकवून मागाच्या पावड्या दाबायचा, तिथल्या मातीत त्याच्या टाचांचे दोन खळगे होते. तिच्या टाचा त्यात बरोबर बसायच्या. उठायला तिनं आढ्याला एक जाड दोरी बांधून घेतली होती. दोरी धरायची, विटेच्या पायरीवर पाय द्यायचा, वर यायचं.

गोविंदाला यातलं काही माहीत नव्हतं. कसं असणार? दर रविवारी गल्लीच्या तोंडाशी त्याच्या स्कूटरचा आवाज आला की ती दोरी धरून उठायची, पदर नीट करायची आणि तो येईतो दारात ताठ उभी राहायची. चार वर्षांत एक रविवार चुकला नाही. आई थकली म्हणून त्यानं आपल्याकडं पाहावं? तसलं पाहणं तिला नको होतं. त्यानं पाहिला तो रिकामा खड्डा, आणि खड्ड्याच्या काठाशी ताठ उभी असलेली म्हातारी.

“आल्या का वं काकू?” शेजारची प्रेमिला हातात वाटी घेऊन आत आली. उंबऱ्यातच थांबली. टाइल्सवर पाय ठेवू की नको, असं करून तिनं चपला काढल्या. “गोविंदा, हे चांगलं केलं गा. पण काकू, तुम्ही आता बसान कुठी?”

“तुह्या डोक्यावर,” वच्छलाबाई म्हणाली.

“नाही वं, मी म्हणून राहिली का...” प्रेमिलानं वर पाहिलं. “दोरीबी काढली का?”

“कोणती दोरी?” गोविंदानं विचारलं.

“ते आढ्याले होती ना, काकू जिनं...”

“कपडे वाळवाची,” वच्छलाबाई मधेच म्हणाली. “वाटीत काय आणलं, दाखव. तुह्या हातचं वरण असन तर वापस ने, मीठ घालतच नाही तू.”

प्रेमिला पंधरा वर्षं शेजारी होती. तिला कळलं. तिनं वाटी खुर्चीवर ठेवली, “शेवभाजी आहे,” म्हणाली आणि आली तशी गेली. दारातून एकदा मागं वळून तिनं गोविंदाकडं पाहिलं.

गोविंदा आढ्याकडं पाहत होता. घराच्या मधोमध, खड्ड्याच्या बरोबर वर, लाकडावर दोरीनं घासून पडलेली एक गुळगुळीत खाच होती. फक्त एकच. कपडे वाळवायच्या दोरीला दोन टोकं लागतात.

“मले वाटलं मागाचीच राहिली असन,” तो हळू म्हणाला. “मलब्यात टाकली.”

“टाकली ना? मंग झालं.”

“आई, कायची होती ती?”

“तुह्या बापाचा माग गेला, खड्डा गेला, दोरी काय मले पुरून उरणार होती?” तिचा आवाज चढला. बापाचं नाव काढलं की हा गप्प बसतो, हे तिला चांगलं माहीत होतं. “एक निशाणी होती त्याची घरात. बेचाळीस वर्सं बसला माणूस तिथी. विचारावं तरी.”

पण गोविंदा या वेळी गप्प बसला नाही.

“त्याचे पाय आठवतेत का तुले?” तो म्हणाला. “हिवाळ्यात खालून ओल चढे. शेवटी शेवटी त्याले चप्पल घालता येत नव्हती, एवढे सुजत. मी सुताच्या कांड्या भरत बसो अन् त्याच्या पायाकडे पाहो.”

“दाबले का कधी?”

“तूनं दाबू दिले का? आयटीआयचा फॉर्म भरला त्या दिवशी मी सहज त्याच्या बाजूले जाऊन खड्ड्यात पाय सोडून बसलो होतो. तू चुलीपासून आली अन् लाकूड हाणलं माह्या पाठीत. काय म्हटलं होतं, आठवते?”

वच्छलाबाईनं काठीचं टोक एका निळ्या फुलावर टेकवलं.

“म्हटलं, या खड्ड्यात पाय टाकशीन तर तंगडं तोडीन. नोकरी लागली का पयले हा खड्डा बुजवजो, तवाच मी समजीन का पोट्टा झाला मले.” त्याला शब्द न् शब्द पाठ होता. “बाबा होता तोवर कसं बुजवू? बाबा गेल्यावर तू लाकूड मोडीत काढलं. मी वाट पाहिली का तू म्हणशीन. आठ वर्सं झाले. शेवटी म्हटलं, आता काय तिनं परत सांगावं?”

मागच्या दारात रोशनी मोबाइल छातीशी धरून उभी होती.

वच्छलाबाईला तो दिवस आठवत होता. लाकूड आठवत होतं, बाभळीचं, एका बाजूनं पेटलेलं. मागावर बबनरावाचा धोटा तेवढा थांबला होता. आणि पोरगा रडला नव्हता. तिला वाटलं होतं, कानाआड केलं. पोरं आईचं नको ते बरोबर ऐकतात आणि मग सव्वीस वर्षांनी हातावर आणून ठेवतात.

तिला दोन शब्द बोलता आले असते. माह्या बसाची जागा होती ते. एवढंच. ते शब्द जिभेपर्यंत आलेही. पण त्यांच्या मागोमाग काय येणार, ते तिला दिसत होतं. गोविंदाचं तोंड उतरणार. मग तो कपाळाला हात लावणार. मग जयाला फोन. मग मनीषनगर. सोफा. काही लागलं तर सांगा.

“चांगलं केलं,” ती म्हणाली.

“खरं?”

“खोटं बोलाले काय तू माहा जावई आहे? चकाचक झालं. दे ते सांबाराची जुडी, पिशवीत आहे. दुपार व्हाले आली.”

गोविंदानं कोथिंबिरीची जुडी काढून दिली. त्यानं खुर्ची पुढं सरकवली. वच्छलाबाईनं ती काठीनं बाजूला सारली, एक हात भिंतीला लावला आणि खाली बसायला लागली.

गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं. भिंतीवरचा हात खरखरत खाली आला. अर्ध्यावर पाय थरथरले आणि उरलेलं अंतर ती बसली नाही, पडली. पण काठी घट्ट धरून पडली, म्हणून बसल्यासारखं दिसलं. टाइल गार होती. जिथं तिचे पाय लोंबायचे, तिथं ते आता सरळ पुढं पसरले होते, एका निळ्या फुलावर. तिनं लुगडं टाचांपर्यंत ओढलं आणि जुडीचा दोरा दातानं तोडला.

“पाहा,” ती म्हणाली. “बसली.”

गोविंदा तिच्या पायांकडं पाहत होता. मग भिंतीवर तिच्या बोटांचे चार ओरखडे उमटले होते, त्यांच्याकडं. मग वर, आढ्याकडं.

“उठता येईन ना?”

“तुले जन्म दिला त्या दिवशी मी तिसऱ्या पहरी उठून भाकर टाकली होती. तू मले उठणं शिकवशीन?”

“आई...”

“जा आता. तुले ड्युटी असन. पोट्टीची शिकवणी असन. दार ओढून घे.”

तो एक पाऊल पुढं आला. तिनं मान वर केली नाही. काडी मोडली, पानं एकीकडं, देठ एकीकडं. त्यानं हात पुढं केला असता तर तिनं काय केलं असतं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण तो तिचाच पोरगा होता. सांगितलं तेवढंच ऐकायचा. त्यानं चपला घातल्या, रोशनीला खूण केली आणि दार ओढून घेतलं.

पावलं ओट्यावरून उतरली. फाटकाची कडी वाजली. रोशनी काहीतरी म्हणाली. त्यानं तिला गप्प केलं.

वच्छलाबाई देठ मोडत राहिली. तिचे कान दाराकडं होते. चार वर्षं तिनं स्कूटरचा आवाज गल्लीच्या तोंडाशी येतानाच ओळखला होता आणि तो दाराशी यायच्या आत उभी राहिली होती. आता तो जायचा आवाज यायचा होता. एकदा गेला, की मग कोण पाहतं? मग रांगत जाता येईल, खाटेचा पाय धरता येईल, प्रेमिलाला हाक मारता येईल.

स्कूटर सुरू झाली नाही.

तिचा उजवा हात आपोआप डोक्याच्या वर गेला, दोरीच्या जागी. रिकाम्या हवेत बोटं मिटली. तिनं तो हात खाली आणला आणि पदर नीट केला.

बंद दाराखालच्या फटीतून उन्हाची पट्टी आत आली होती, आणि तिच्यात परत आलेल्या दोन चपलांची सावली होती. हलत नव्हती.

जुडी निवडून संपली होती. वच्छलाबाईनं पानं आणि देठ पुन्हा एकत्र केले, आणि काडीचा आवाज दाराबाहेर जाईल इतक्या जोरानं पहिल्यापासून निवडायला घेतले.