आमच्याकडे कॉम्प्युटर नाही

नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात डोंबिवलीला कोपर रोडवर केशरबाईंच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. खांद्याला बॅग, हातात पेन. परशुराम असं नाव सांगितलं.

"घरात माणसं किती? दुपारी कोण असतं? कॉम्प्युटर आहे का?"

केशरबाईंनी जाळीचा दरवाजा उघडलाच नाही. "तुम्हाला काय करायचंय?"

"केबलच्या वायरमधून इंटरनेट देणार आहोत, काकी. फोन लागत नाही त्याला. गिऱ्हाईक किती मिळेल ते बघतोय."

टीव्हीच्या वायरमधून! मागच्याच महिन्यात बाजूच्या गल्लीत गॅसची शेगडी तपासायला म्हणून आलेल्याने घर धुऊन नेलं होतं.

"आमच्याकडे कॉम्प्युटर-बिम्प्युटर काही नाही," त्या म्हणाल्या.

खरं तर आतल्या खोलीत चादरीखाली कॉम्प्युटर होता. सून शेवंती त्यावर ठाण्याच्या एका वकिलाचं टायपिंग करायची आणि फ्लॉपी घेऊन पोचवायला जायची. आताही तिकडेच गेलेली. फोनसाठी नंबर लावून वर्षं झाली होती, पण फोन आला नव्हता.

परशुराम जिना चढेपर्यंत केशरबाईंनी मागच्या गॅलरीतून वर हाक मारली, "रंगूबाई, एकजण चौकशी करत येतोय. काही सांगू नका. वरही कळवा."

सगळ्या बिल्डिंगने एकच उत्तर दिलं.

दिवाळीनंतर समोरच्या बिल्डिंगला वायर लागली. शेवंती केबलच्या ऑफिसात विचारायला गेली ती तणतणत परत आली.

"आई, आपल्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कॉम्प्युटर नाही म्हणे! कोणी सांगितलं असेल असं?"

केशरबाई तांदूळ निवडत होत्या. "मीच. मला वाटलं, चोर असेल."

शेवंतीने पर्स खुंटीला अडकवली आणि भांडी घासायला घेतली. भांडली असती तर बरं, असं केशरबाईंना वाटलं.

"आता काय म्हणतात ते?" त्यांनी विचारलं.

"पाच घरं तयार झाली तर वायर टाकतील."

संध्याकाळी केशरबाई स्वतः वर गेल्या. रंगूबाईंनी दार किलकिलं केलं.

"तेव्हा तुम्हीच म्हणालात, काही सांगू नका. आता वायर घ्या म्हणताय. तुम्हाला काही सुटतंय का यातून?"

"अहो, मला काय सुटणार?"

"मग घरोघर कशाला फिरताय?"

त्याच्या वरच्या मजल्यावर त्र्यंबकरावांनी विचारलं, "त्या वायरीतून आमच्या घरातलं बोलणं बाहेर ऐकू जाणार नाही ना?"

ती शंका केशरबाईंनाही होतीच.

दोनच घरं तयार झाली. वायर आली नाही.

शेवंतीने मग समोरच्या बिल्डिंगमधल्या लक्ष्मीशी ओळख काढली आणि तिच्या घरच्या इंटरनेटवरून काम पाठवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी केशरबाईही सोबत गेल्या. शेवंतीने फ्लॉपी घातली, कीबोर्डवर काहीतरी केलं.

"गेलं."

"वकिलाला मिळालं कशावरून?"

शेवंती बऱ्याच दिवसांनी हसली. "तिकडून उत्तर येईल ना, आई."

केशरबाईंनी स्टूल ओढलं आणि त्या पडद्यासमोर बसल्या. "येऊ दे. तोपर्यंत मी इथून हलत नाही."