दावणीला बांधलेली पोरं

सांगवीच्या गेणबाची ख्याती अशी, की तो नुसता खाकरला तरी चार शेतं पलीकडचा माजलेला बैल गुडघे टेकायचा. ही ख्याती गेणबाच सांगायचा, आणि अजून एकाही बैलानं ती खोडून काढली नव्हती.

त्या सकाळी मात्र त्याच्या गोठ्यात बैलाच्या जागी पोटचा पोरगा होता. यशराज. पायात साखळी, साखळी मेखेला.

यशराज उसाचा ट्रॅक्टर भवानीनगरच्या कारखान्याला न्यायचा. पाठ धरली की वाटेवरच्या टपरीवर दुखणं मारायची गोळी मिळायची. पुढं पाठीची कळ थांबली, गोळी थांबेना. त्याची आई जयवंता त्याला बारामतीच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी जिभेखाली धरायचं औषध दिलं. घरी राहून घ्यायचं, आठवड्याला दाखवायचं. पोरगं जेवायला लागलं. गेणबानं औषधाचं पाकीट चुलीत घातलं.

"गोळी सोडवाया गोळी? उद्या चोर धराया चोर ठिवशील!"

गोळी लागलेल्या पोरांवर आळीचा इलाज ठरलेला होता. पोराला गोठ्यात बांधायचं, ओरडलं की चाबूक. शांत झालं की आंघोळ, गुलाल, देवळात नारळ. मागच्या वर्षी जयवंताच्या भाच्याला, ज्ञानेशला, असंच बांधून मग सोडलं. अंगाची गोळीची सवय मोडली होती, त्यानं गोळ्या पहिल्याइतक्याच गिळल्या, आणि श्वासच थांबला. लोकांना सांगितलं, अटॅक आला.

"आई, पाय तोड माझा, पर सोड!" यशराज ओरडला.

गेणबाचा चाबूक सपकन वाजला. यशराजच्या पाठीची सालटी निघाली. जयवंता पिठाच्या हातांनीच कुऱ्हाड घेऊन गोठ्यात आली.

"बाजूला व्हा."

"आली बघा डाक्टरीण! चार दिस कळ काढ, मग गुलाल लावतो त्याला."

"ज्ञानेशला बी लावला व्हता. तिरडीवर कानात तसाच व्हता. मी बघितलाय."

गेणबानं चाबकाची मूठ तिच्या तोंडावर हाणली. दात शेणात पडला.

पुढचं सांगवीत दहा तऱ्हांनी सांगतात. कुणी म्हणतं, घावानं गोठ्याचं आढं हाललं, कारखान्याचा भोंगासुद्धा गप झाला. खरं एवढंच, की पहिला घाव गेणबाच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर, मेखेवर बसला. दुसऱ्यासाठी तिनं कुऱ्हाड उचलली, तेव्हा ती मेखेकडं बघत नव्हती.

गेणबा मागं सरून भिंतीला टेकला.

दवाखान्यात यशराज मेखेपासून तुटलेली साखळी ओढतच शिरला. डॉक्टरीणबाई आधी जयवंताच्या फाटक्या ओठाकडं वळल्या.

"माझं ऱ्हाऊ द्या. ह्याला आदी."

गोळी जिभेखाली गेली. यशराजचे दात वाजणं हळूहळू कमी झालं.

"जयवंताबाई, औषध पुन्हा चुलीत गेलं तर?"

"हात घालून काढीन." तिनं पदरानं रक्त टिपलं. "पर बाई, हितं बसून भागायचं न्हाय. औषध घिऊन तुमीच सांगवीला चला. आमच्या आळीत अजून पोरं दावणीला हायती. आन् ज्ञानेशवाणी कुणाला कवा सोडतील, नेम न्हाय."