शर्टाचं दुसरं बटण

राहतचं पत्र वर्षभर माझ्या टेबलावर पडून होतं. मी उत्तर दिलं नव्हतं, कारण तिने एकच गोष्ट मागितली होती आणि ती मला जमेल असं वाटत नव्हतं.

राहत ही माझे मित्र नबीलालभाई आणि अजीजाभाभी यांची मुलगी. लहानपणी ती शाळा सुटली की भवानी पेठेतल्या वाचनालयात येऊन बसायची. मी तिथे ग्रंथपाल होतो. ती मला 'सरचाचा' म्हणायची, अजूनही म्हणते. आता ती नागपूरला असते. तिने लिहिलं होतं :

'फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता, म्हणून पत्र लिहिते आहे. अब्बा व्हिडिओ कॉलवरसुद्धा फोन कानाला लावून बोलतात. माझी इफ्रा तीन वर्षांची झाली, तिला नाना म्हणजे एक मोठा कान वाटतो. घरातल्या फोटोंत अब्बा कसे दिसतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही दर रविवारी त्यांच्यासोबत फोटो काढायला जाता ना? मला एक फोटो पाठवा, ज्यात अब्बा अब्बांसारखे दिसतील.'

घरातले फोटो मी पाहिले होते. नबीलालभाईंनी जन्मभर ट्रक चालवला. कॅमेरा दिसला की ते छाती काढून, श्वास रोखून उभे राहतात. पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावल्यासारखे.

आणि मी माणसांचे फोटो काढत नाही. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला तो गावाबाहेरच्या माळासाठी. माळ लाजत नाही आणि 'कसा आला?' असं विचारतही नाही. माणसाचा फोटो काढायचा तर त्याच्याकडे नीट बघावं लागतं, आणि ते मला कुणाच्याच बाबतीत जमलेलं नाही. सांगून काढावा तर तो पोलिसापुढचा चेहरा होणार. न सांगता काढणं मनाला पटेना. राहतला 'नाही' लिहायचाही धीर होईना.

गंमत म्हणजे नबीलालभाई दर रविवारी माझ्या कॅमेऱ्यासमोरच असतात. सपाट माळावर फोकस धरायला काही सापडत नाही आणि माझे डोळेही आता मंद झालेत. म्हणून मी दाखवेन तिथे ते जाऊन उभे राहतात. त्यांच्या खाकी शर्टाच्या दुसऱ्या बटणावर मी फोकस धरतो आणि हात वर करतो. मग ते बाजूला होतात आणि मी रिकाम्या माळाचा फोटो काढतो. ते स्वतःला 'सरांची खुंटी' म्हणतात.

फेब्रुवारीत आम्ही त्यांच्या स्कूटरवरून मंद्रूपच्या पुढे गेलो होतो. माळावर एका पाझर तलावात थोडं पाणी उरलं होतं. त्यात उतरलेलं आभाळ मला हवं होतं. मी अलीकडच्या काठाला कॅमेरा अगदी जमिनीलगत लावला आणि नबीलालभाईंना पलीकडे पाठवलं.

"आणि मागं जाऊ का?" ते ओरडले. "कर्नाटकात जातो की आता."

"तिथेच बसा. बाभळीपाशी."

ते उकिडवे बसले. मी बटणावर फोकस धरला. हात वर करणार, तेवढ्यात वरून आवाज आला, कुट्-रो, कुट्-रो. आधी एक जोडी आली आणि तिच्यामागे सगळा थवा. एक घिरटी घालून ते पक्षी पाण्याच्या काठावर उतरले, नेमके नबीलालभाईंच्या पुढ्यात.

त्या पखुर्ड्या होत्या. कबुतराएवढ्या, मातकट रंगाच्या. जमिनीवर उतरल्या की ढेकळांसारख्या दिसतात. खाकी शर्टातले नबीलालभाईही त्यांना एखादं मोठं ढेकूळ वाटले असावेत. ते हलले नाहीत. मीही हात वर केला नाही.

पक्ष्यांचे फोटो मी कधी काढले नव्हते. जमेल तसं कॅमेऱ्याचं बटण दाबत राहिलो. थवा घाईघाईने पाणी पिऊन उडाला, पण एक नर मागे राहिला. तो पोटापर्यंत पाण्यात शिरला आणि पिसं फुलवून डुलत बसला. बऱ्याच वेळाने तोही उडाला. मी तळ्याला वळसा घालून पलीकडे गेलो.

"सर, त्यो एकटा काय करत हुता? आंघोळ?"

"पोटाची पिसं भिजवत होता. त्याची पिल्लं लांब माळावर असतात. ती पिसं चोखून पाणी पितात. म्हणजे, असं पुस्तकात आहे. माझी चूकही होत असेल."

"चूक न्हाय. मी केलंय की त्ये."

"काय केलंत?"

"राहत बारकी हुती तवा तिला बर्फाचा गोळा लागायचा. मी रुमालात बांधून न्यायचो. घरी पोचस्तोवर नुस्ता लाल रुमाल. ती त्योच चोखत बसायची. अजीजा मला म्हणायची, लेकीला धुणं चारता का."

घरी येऊन फोटो संगणकावर पाहिले. सगळे बिघडले होते. घाईत मी फोकस हलवायचाच विसरलो होतो. पखुर्ड्यांच्या जागी तपकिरी फराटे होते. मला काही येत नाही हे पुन्हा सिद्ध झालं, म्हणून मी एकेक पुसायला घेतला.

मग हात थांबला. फराट्यांच्या मागे शर्टाच्या दुसऱ्या बटणासकट स्वच्छ नबीलालभाई बसले होते. हात गुडघ्यांवर, टोपी कलती, तोंड किंचित उघडं. कॅमेरा पक्ष्यांवर आहे असं समजून ते त्या पाण्यातल्या नराकडे बघत होते. वाचनालयाच्या दारात ते असेच बघत उभे राहायचे, राहतचं पान वाचून होईपर्यंत. हाक मारायचे नाहीत. मी त्या चेहऱ्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोटोची प्रत आणि राहतचं पत्र घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी पत्र वाचलं.

"वर्षभर दाबून ठिवलं व्हय? लायब्ररीचं पुस्तक असतं तर दंड घेतला असता तुमी."

"घेतला असता," मी म्हणालो.

मग त्यांनी फोटो हातात घेतला.

"पाखरं समदी हलली की."

"हो. पक्षी बिघडले."

"आन् ह्यो माणूस?"

"तो ठीक आहे असं मला वाटतं. तुम्ही नको म्हणालात तर पाठवत नाही."

त्यांनी फोटो उजेडाकडे धरला. "अजीजा, हिकडं ये," त्यांनी आत हाक दिली. अजीजाभाभी पदराला हात पुसत आल्या, फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "हे तर आपले हे." बस, एवढंच. पुन्हा आत गेल्या.

"पाठवा," नबीलालभाई म्हणाले. "खाली लिवा, उनामुळं डोळं बारीक झाल्यात."

उत्तर लिहायला चार कागद फाडले. उशिराची कारणं लिहिली आणि खोडली. शेवटी लिहिलं :

'चि. राहत, उशीर झाला. पक्ष्यांचे फोटो मला जमले नाहीत. त्यांच्या मागे अब्बा आहेत. उन्हामुळे डोळे बारीक झालेत असं ते म्हणतात. इफ्राला दाखव. – सरचाचा.'

पोस्टात खिडकीतल्या मुलीने पाकीट वजनाला ठेवलं. "आत फोटो आहे, दुमडू नका," मी म्हणालो. तिने मान हलवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. मजकूर फारच तुटक झाला असं मला वाटलं. परत मागून दोन ओळी वाढवाव्यात म्हणून मी खिडकीत वाकलोही. पण बाहेर नबीलालभाईंनी स्कूटर चालू केली होती आणि ते हॉर्न वाजवत होते.