डाव्या चाकावरचा आत्मा

त्या गुरुवारी संध्याकाळी बोळिंजला आमच्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये ऐंशी-नव्वद माणसं जमली होती आणि सगळी माझ्या गाडीकडे बघत होती. वरच्या मजल्यांवरच्या बायका खिडक्यांतून वाकल्या होत्या. कोणीतरी बॉनेटवर झेंडूचा हार ठेवला होता.

ही २००३ सालची गोष्ट. माझी बायको विनिता किडनीच्या आजाराने गेली, त्याला दोन महिने झाले होते. तिचं तेरावं झालं आणि गाडी मागून वाजायला लागली. खड्डा किंवा स्पीडब्रेकर आला की मागच्या डाव्या बाजूने टक टक. कोणी बोटाने दार ठोकावं तसं. शेजारच्या मथुराकाकूंनी ते ऐकलं आणि त्या आपल्या गुरूंना, मौनीबापूंना घेऊन आल्या.

मौनी हे नुसतं नाव. बापूंच्या तोंडाला उसंत नव्हती.

"बायकोची जागा कुठली? डावी. म्हणून तर वामांगी म्हणतात," ते लोकांना सांगत होते. "सवाष्ण गेली, पण जागा सोडवत नाही तिला. बसलीय चाकावर."

त्यांनी मला एकट्याला गाडी फिरवायला लावली. गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर टक टक झालं. मग बापू स्वतः मागे डावीकडे मांडी घालून बसले. गाडी त्या अंगाला कलली. पुन्हा तोच स्पीडब्रेकर, आणि आवाज नाही. लोकांनी हात जोडले. खोटं कशाला सांगू, मीही जोडले.

उतरल्यावर बापूंनी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीकडे, अक्षयाकडे बघितलं. "हिचा शब्द लागलाय आईला. शाळेवरून काहीतरी बोललीस ना बाळ? अकरा गुरुवार पोटात अन्न घालू नकोस. तेव्हा आई सुटेल."

अक्षया पांढरी पडली. आजारात विनिताचा चेहरा सुजला होता, आणि ही एकदा रागाने तिला म्हणाली होती, माझ्या शाळेत येऊ नकोस. आमच्या घराबाहेरच्या माणसाला हे कसं कळलं, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

तिसऱ्या गुरुवारी ती शाळेत चक्कर येऊन पडली. घरी आणून मी तिच्यापुढे भात ठेवला, हातापाया पडलो. ती म्हणाली, "पप्पा, मी खाल्लं तर आई अडकेल."

त्या दिवसापासून मला संशय यायला लागला. विनिताला काही हवं असलं तर ती सरळ मागायची. मग आता फक्त स्पीडब्रेकरवरच का बोलते? हायवेच्या गुळगुळीत डांबरावर गप्प का?

निर्मळ नाक्याच्या पुढे वॉल्टरचं गॅरेज आहे. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. गाडीच्या मागच्या बाजूवर दोन्ही हातांनी दाब देऊन बघितलं. मग स्वतः चालवायला बसला आणि मला मागे डावीकडे बसवलं. आवाज गेला. मला पुढे घेतलं, आवाज आला.

"भाऊ, हे तुमचे बापू वजनाने किती?"

शंभराच्या आसपास असतील, म्हटलं.

"पूर्वी डिकीत काय असायचं?"

मी सांगू लागलो आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं. आमच्याकडे टँकरचं पाणी, तेही मचूळ. पिण्यासाठी विनिता एक दिवसाआड आगाशीला माहेरच्या वाडीतल्या विहिरीवरून चार मोठे कॅन भरून आणायची. कॅन डिकीतच राहायचे, लागेल तसं पाणी वर न्यायचो. ती गेल्यावर तिकडे कोणी गेलंच नाही.

"म्हणजे सव्वाशे-दीडशे किलो," वॉल्टर म्हणाला. "त्या ओझ्याने धक्के झेलणाऱ्या शॉकअपच्या टोकाचं रबर फाटलं. आणि त्याच ओझ्याखाली ते दबून होतं, म्हणून वाजलं नाही. वहिनी गेल्या, पाणी थांबलं, रबर मोकळं झालं."

मी त्याला म्हटलं, आज दुरुस्त करू नकोस. गुरुवारी सगळ्यांसमोर कर.

गुरुवारी पुन्हा तीच गर्दी. अक्षयाला मी पुढे माझ्या शेजारी बसवलं. मागे कोणी नाही, डिकीत चार भरलेले कॅन. स्पीडब्रेकरवर आवाज आला नाही. कॅन उतरवले, आला.

बापूंकडे उत्तर तयार होतं. "पाण्याने आत्मा शांत होतो."

"मग सिमेंट घालू या," वॉल्टर म्हणाला. गेटचं काम चालू होतं, तिथल्या तीन गोणी त्याने डिकीत टाकल्या. आवाज नाही. मागून कोणीतरी विचारलं, बापू, सिमेंटनेही शांत होतो का? लोक हसले. वॉल्टर गाडीखाली गेला आणि थोड्या वेळाने एक काळं, चिरलेलं रबर घेऊन बाहेर आला. अक्षयाच्या हातात दिलं.

तिने ते दाबून बघितलं. मग विचारलं, "पण शाळेचं बापूंना कसं कळलं?"

मथुराकाकू रडवेल्या झाल्या होत्या. "विनिता मला बोलली होती, ते मीच त्यांना सांगितलं गं. घरात काय चाललंय म्हणून ते आधी विचारतात. मला वाटलं, भल्यासाठीच विचारतात."

बापू तोपर्यंत रिक्षात बसले होते.

घरी आल्यावर अक्षयाने विचारलं, "आई माझ्यामुळे नाही ना गेली?" मी हॉस्पिटलचे कागद तिच्यापुढे ठेवले आणि एकेक ओळ वाचून दाखवली. दोन वर्षांच्या तपासण्या होत्या त्यात. शाळेच्या त्या बोलण्याच्या किती आधी आजार सुरू झाला, ते तिने स्वतः तारखा लावून बघितलं. मग म्हणाली, भूक लागलीय.

नवं रबर बसलं आणि गाडी गप्प झाली. मला ते काही दिवस जड गेलं. तो आवाज विनिताचा असावा, असं मला वाटत होतं. मुद्दाम खड्ड्यातून गाडी घालत होतो मी. मला बरं वाटत होतं म्हणून मी हात जोडले आणि माझी मुलगी गुरुवारमागून गुरुवार उपाशी राहिली. तुमच्या घरी कोणी असं सांगत आलं, तर आधी वाकून गाडीखाली बघा. सांगणाऱ्याला विचारा, हे तुला कोणी सांगितलं? दुःखात असलात तर जास्तच विचारा.